पेडणेकर मिस्त्रींचं बोट

गेल्या आठवड्यात तुमची गाडी रोज किती किलोमीटर चालली, हे तुम्हाला मीटर न बघता आत्ता सांगता येईल?

मायलेज विचारत नाहीये. ते सगळ्यांना पाठ असतं, शोरूममधल्या पोराने पाठ करून दिलेलं असतं. मी विचारतेय ते वेगळं. तुमची गाडी एका दमात किती लांब जाते? दिवसातून किती वेळा बंद-चालू होते? कोणाची वाट बघत उभे असता तेव्हा एसीसाठी इंजिन चालूच ठेवता का? हे प्रश्न माझे नाहीत. पेडणेकर मिस्त्रींचे आहेत. पेट्रोल घेऊ की डिझेल, सीएनजी घेऊ की विजेची, असं विचारत कोणी गॅरेजात आलं की ते हातातला पाना खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी रस्ता सांग. मग गाडी."

विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, आमच्या बिल्डिंगच्या समोर त्यांची पत्र्याची शेड होती. दोन गाड्या मावतील एवढी. तिसरी आली की ती रस्त्यावर आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या मिस्त्रींना. मूळचे मालवणकडचे, पण सगळी उमर कल्याणात गेली. माणूस किडकिडीत, खाकी शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. पुरुषांना 'रे', बायकांना 'गो'. वय, शिक्षण, गाडीची किंमत यांवरून त्यात फरक पडत नसे.

आणि बोट. उजव्या हाताची तर्जनी. कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मिस्त्री मागे जायचे, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, सायलेन्सरच्या नळीत बोट घालून आतून फिरवायचे आणि उजेडात धरायचे. कोरडी राखाडी काजळी निघाली की पेट्रोल, तब्येत बरी. चिकट काळी निघाली की इंजिन ऑइल पितंय. डिझेलची काजळी दाट, बोटाच्या रेषांत शिरून बसणारी. सीएनजीची नळी जवळजवळ कोरडी. मग बोट कमरेच्या फडक्याला पुसून निदान. "डॉक्टर जीभ बघतो, मी शेपूट बघतो," असं ते म्हणायचे. त्या नखाखालची काळी रेघ मी कधी गेलेली पाहिली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकतानाही ती होती.

एकदा ठाण्याहून, नौपाड्यातून आपटे सर आले. निवृत्त प्राध्यापक, मिस्त्रींच्या 'रे'ला एकमेव अपवाद, त्यांच्याकडे जुन्या स्कूटरपासूनचं येणं. सरांनी वहीत रकाने आखून आणले होते. पेट्रोलचा दर किलोमीटर खर्च, सीएनजीचा, दोन्हींच्या सर्व्हिसिंगचा, गॅसच्या टाकीच्या तपासणीचा. त्यावरून त्यांनी वर्षापूर्वी सीएनजी घेतली होती आणि आता ती त्यांच्या बिल्डिंगखाली उभी होती, सुरूच होत नव्हती.

मिस्त्रींनी वही बाजूला ठेवली. "सर, चालते किती?"

"रविवारी उपवन तलावावर फिरायला जातो आम्ही. आणि मुलीकडे पुण्याला, वर्षातून दोनदा."

"बाजारहाट?"

"छे, बाजार तर खालीच आहे. स्टेशनलाही चालतच जातो."

"म्हणजे उपवन. आणि सीएनजीची रांग कुठली?"

सर जरा घुटमळले. "ती रांग मात्र फार मोठी असते हो. कधीकधी उपवनपेक्षा जास्त वेळ लागतो."

"मग सर, ही गाडी तुम्ही रांगेत उभं राहायला घेतलीत," मिस्त्री म्हणाले. "इंजिनात काही दोष नाही. उभी राहून बॅटरी मेलीय. तुम्हाला पेट्रोल नको, डिझेल नको, सीएनजी नको. तुम्हाला नाक्यावरची रिक्षा पुरते."

आपटे सर हसले नाहीत. पण पुढच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले तेव्हा रिक्षाने आले, आणि ते त्यांनी मुद्दाम सांगितलं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात पत्रकांचे गठ्ठे, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी शाळेची गणितं सोडवायचे. त्यामुळे कशाचाही राग आला की मी पत्रक लिहिते. कॉलेजात असताना गाड्यांच्या धुरावर एक लिहिलं. डिझेल हटवा, पेट्रोल हटवा, विजेवर या, नाहीतर पुढची पिढी माफ करणार नाही, अशी सगळी भाषा. ते मिस्त्रींच्या भिंतीवर लावायची परवानगी मागायला गेले. गॅरेजच्या भिंतीवर इंजिनाविरुद्ध पत्रक लावण्यात मला फार मोठा पराक्रम वाटत होता.

त्यांनी ते ओठ हलवत पूर्ण वाचलं. मागची बाजूही उलटून बघितली.

"चांगलं लिहिलंस. वीज कुठून येते ते नाही लिहिलंस गो."

"म्हणजे?"

"कोळसा जळतो ना तिकडे. आपल्या नाकाखालचा धूर उचलून दुसऱ्या कोणाच्या नाकाखाली ठेवला. तो माणूसही खोकणारच."

"मग डिझेलच बरं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"असं म्हटलं मी? अमुक चांगलं, तमुक वाईट, असं एका ओळीत नाही सांगता येत. कोण किती चालवतो, कुठे चालवतो, ते बघावं लागतं." मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पत्रकाच्या खाली लिहिलं 'वीज कुठली?' आणि स्वतःच्या हाताने ते कॅलेंडरशेजारी चिकटवलं. ते तिथून कधी निघालंच नाही. ऑइलचे डाग पडून माझी भाषा वाचता येईनाशी झाली, त्यांची पेन्सिल तेवढी दिसायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती.

वंदनाताई कदम आमच्याच गल्लीत राहतात. नवरा गेल्यावर त्यांनी गाडी चालवायला घेतली. डायलिसिसच्या पेशंटना घरून उचलायचं, पुलापलीकडच्या सेंटरवर सोडायचं, चार तासांनी परत आणायचं. नेहमीचे चार पेशंट, प्रत्येकाच्या आठवड्यातून तीन खेपा. डिकीत घडीची व्हीलचेअर. डायलिसिसची वेळ ठरलेली असते, मशीन दुसऱ्याला दिलं की दिवस गेला, आणि दिवस गेला की अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. म्हणजे वंदनाताईंची गाडी बंद पडणं ही नुसती गाडी बंद पडण्याची गोष्ट नव्हती.

जुनी गाडी म्हातारी झाली तेव्हा त्या मिस्त्रींकडे आल्या. मिस्त्रींनी विचारलं, "किती चालणार गो, बाय?"

"दिवसभर चालणार. सकाळी सहाला काढली की संध्याकाळीच लावते मी."

दिवसभर. हा शब्द ऐकला आणि मिस्त्रींच्या डोक्यात जन्मभराचं गणित आपोआप सुटलं. दिवसभर चालणारी गाडी म्हणजे डिझेल. एका वेळेला किती लांब, हा पुढचा प्रश्न जो त्यांनी आपटे सरांना, मला, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही विचारला असता, तो त्यांनी वंदनाताईंना विचारला नाही. वंदनाताईंनी कर्ज काढून नवी डिझेल घेतली. गॅरेजात पेढे आणले. मिस्त्रींनी बॉनेटवर हळद-कुंकू लावलं.

दीड वर्षाने डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्या गाडी घेऊन आल्या. मी तेव्हा माझ्या वडिलांच्या स्कूटरची केबल बदलायला तिथेच उभी होते.

मिस्त्री मागे गेले, वाकले, बोट घातलं, काढलं. स्वच्छ. त्यांनी ते वंदनाताईंच्या नाकासमोर धरलं. "बघ. डिझेल गाडी आणि बोटाला डाग नाही. एवढी निरोगी गाडी मी आयुष्यात नाही पाहिली."

"मग दिवा कशाला लागलाय?"

"सेन्सर येडा झालाय. नव्या गाड्यांत इंजिन कमी आणि दिवे जास्त. चालव बिनधास्त."

त्यांनी बिनधास्त चालवली.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, आमच्या शेजारच्या देशमुख काकांसोबत मी त्या गाडीत होते. काकांचा मुलगा बाहेरगावी गेला होता म्हणून मी. पत्रीपुलाच्या चढावर गाडीने एकदम दम सोडला. बंद नाही पडली, पण पाय कितीही दाबला तरी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत राहिली. मग तेही नाही. मागे हॉर्नचा गदारोळ. एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "ओ मॅडम, धक्का मारू का घरी सोडू?"

वंदनाताई उतरल्या, व्हीलचेअर काढली. त्या काकांशी अगदी शांतपणे बोलत होत्या. "काका, जरा इकडे कलंडा. असं. आता माझ्या खांद्यावर हात." तीन रिक्षा व्हीलचेअर बघून थांबल्या नाहीत. चौथी थांबली. आम्ही पोचलो तेव्हा काकांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत काका त्या बाकावर बसून होते, पाय सुजून चपलेत मावेनात. शेवटच्या पाळीत घेतलं त्यांना. वाचले. मला म्हणाले, "मुक्ता, वंदनाला कोणी बोलू नका हं."

वंदनाताईंना कोणी बोललं नाही. वंदनाताई मिस्त्रींनाही बोलल्या नाहीत. नुसत्या गॅरेजसमोर, टो करून आणलेल्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी सवयीने बोट घातलं. स्वच्छ. त्यांनी पुन्हा घातलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून वंदनाताईंबरोबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथलं मला वंदनाताईंनी सांगितलं. काचेची केबिन, थंडगार हवा, हातात टॅब घेतलेला एक मुलगा. त्याने समजावलं. नव्या डिझेलमध्ये काजळी बाहेर सोडत नाहीत, आतच एका फिल्टरमध्ये धरून ठेवतात. गाडी लांब, एका लयीत पळाली की फिल्टर तापतो आणि ती काजळी जळून जाते. तीन-चार किलोमीटरच्या खेपा मारल्या, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं, तर फिल्टर तापतच नाही. भरतो, आणि एक दिवस गाडी श्वास कोंडल्यासारखी होते. पिवळा दिवा तेच सांगत होता.

"म्हणजे बोट स्वच्छ आलं ते," मिस्त्रींनी विचारलं, "सगळी घाण आत होती म्हणून?"

"करेक्ट, काका. मॅडमच्या वापरासाठी ही गाडी नव्हतीच."

वंदनाताई म्हणाल्या, "मग विकताना का नाही सांगितलंत?"

"सेल्सची टीम वेगळी असते, मॅडम."

हे वाक्य मी त्यानंतर दोन पत्रकांत वापरलं. अजूनही आठवलं की हात शिवशिवतात, पण आता पूर्वीसारखं उभं राहून ओरडवत नाही. ज्यांनी विकली त्यांना पत्ता नाही, ज्यांनी दुरुस्त केली त्यांनी खांदे उडवले, आणि ज्याचा त्या विक्रीत एक पैशाचा संबंध नव्हता तो माणूस परतीच्या रिक्षात आपल्या बोटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री येईल त्याला सांगायला लागले. "नवी डिझेल असेल तर मला विचारू नको रे. वंदनाला मी घ्यायला लावली. माझं चुकलं." कोणी न विचारता सांगायचे. स्पार्क प्लग बदलायला आलेल्या माणसाला सांगायचे. मी म्हटलं, मिस्त्री, एकदा सांगितलंत, पुरे. ते म्हणाले, "मी बोट सगळ्यांना दाखवलंय गो. चुकलंय तेही सगळ्यांना कळायला नको?"

गिऱ्हाइकं कमी झाली. मिस्त्रींना आता नव्या गाड्यांतलं कळत नाही, असं लोक बोलायला लागले. नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने टॅबसारखं एक यंत्र आणलं, ते गाडीला जोडून तो छापील कागद देतो. त्या काचेच्या केबिनचं एकही गिऱ्हाईक कमी झालेलं माझ्या ऐकिवात नाही. वंदनाताई मात्र मिस्त्रींकडेच येत राहिल्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, "आला ना. पण खोटं बोलणारे बाकी सगळे आहेतच की. एक तरी खरं बोलणारा हवा ना हाताशी."

सर्व्हिस सेंटरने फिल्टर साफ करून दिला, पण वापर तोच राहिला तर पुन्हा भरणार हे सांगूनच. तेव्हा मिस्त्रींनी एक काम स्वतःकडे घेतलं. रविवारी डायलिसिस नसतं. दर रविवारी सकाळी ते वंदनाताईंची गाडी घेऊन पडघ्याला, तिथून नाशिक हायवेला शहापूरपर्यंत जायचे आणि परत यायचे. काजळी जाळायला. आठवड्याचे सहा दिवस वंदनाताई दमायच्या, सातव्या दिवशी तरी त्यांना झोपू दे, म्हणून स्वतः. गुडघे गेलेले, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

मी एकदा बरोबर गेले. डाव्या लेनमध्ये, एक गिअर खालचा ठेवून, इंजिन एका सुरात घोंघावत. मागचे ट्रकवाले हॉर्न देत, वळसा घालून पुढे जाताना आत बघत. पडघ्याच्या पुढे मला चहा हवा झाला.

"परत येताना."

"मिस्त्री, पाच मिनिटं."

"आता थांबलो तर अर्धं जळलं, अर्धं राहिलं. मग पहिल्यापासून." ते समोर बघत म्हणाले. "मंगळवारी देशमुख बसणार आहेत त्यात."

 शहापूरला वळताना त्यांनी गुडघा चोळला आणि एवढंच म्हणाले, "मी रस्ता विचारला नाही गो. सगळ्यांना विचारला, तिलाच नाही."

सव्वा वर्षाचे रविवार असे गेले.

मग एक दिवस वंदनाताई गॅरेजात येऊन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी बदलायची ठरवलीय. तुमचे रविवार बघवत नाहीत मला. सांगा, काय घेऊ?"

मिस्त्रींनी मान हलवली. "मला विचारू नको."

"तुम्हालाच विचारणार. गेल्या वेळी चुकलात, म्हणजे आता नीट सांगाल."

त्यांनी माझ्याकडे पाठकोरा कागद मागितला. माझ्या बॅगेत पत्रक होतंच. त्याच्या मागे त्यांनी पट्टीने सात ओळी मारल्या, सोमवार ते रविवार, आणि वंदनाताईंना दिला. किती खेपा, एका खेपेला किती लांब, किती वेळ उभी, रात्री कुठे लावते. सात दिवस इमानदारीत लिही म्हणाले.

आठव्या दिवशी तो कागद त्यांच्या मांडीवर होता आणि ते त्यावर अर्धा तास बसले. डिझेल तर गेलंच. सीएनजी इंधनाला स्वस्त, पण टाकी डिकीत बसणार, मग व्हीलचेअर कुठे? आणि सहा वाजता पेशंट उचलणाऱ्या बाईने रांगेत कधी उभं राहायचं? पेट्रोलला छोट्या खेपांचं वावडं नाही, पण उभ्या उभ्या एसी चालवून ती तेल जाळत बसणार. खेपा छोट्या, ठरलेल्या, थांबणं जास्त, दिवसाचं अंतर रोज तेवढंच.

"विजेची घे," मिस्त्री म्हणाले.

वंदनाताई म्हणाल्या, "ती तुम्हाला दुरुस्त करता येईल?"

"टायर बदलीन. ब्रेक बघीन. बाकी नाही."

"आणि चार्ज कुठे करू? चाळीत माझा मीटर जिन्याखाली, गाडी उभी रस्त्यावर."

मिस्त्रींनी शेडमध्ये नजर फिरवली. दोन गाड्यांची जागा, त्यातली एक आता बहुतेक रिकामीच असायची. "इथे लाव. मीटरचा लोड वाढवून घेतो. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, तेव्हा गुरुवारी रात्री विसरू नको."

गेल्या वर्षी आम्ही विठ्ठलवाडी सोडून ठाण्याला राहायला आलो. सामानाचा टेम्पो भरत असताना मी निरोप घ्यायला गॅरेजात गेले. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. वंदनाताईंची नवी गाडी आत लावलेली, भिंतीतून निघालेली केबल तिच्या अंगात. शेडमध्ये अजिबात आवाज नव्हता, त्या जागेत मला ते फार परकं वाटलं. कॅलेंडरशेजारी माझं पत्रक होतं. मी त्याच्या खालच्या पेन्सिलकडे बोट केलं. "मिस्त्री, वीज कुठली?"

"कोळशाचीच," ते म्हणाले. "पण पुलावर उभी राहिली नाही अजून."

मी निघाले. टेम्पोत बसून मागे पाहिलं तर ते स्टुलावरून उठून गाडीच्या मागे गेले होते. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. खाली बघितलं, डावीकडे, उजवीकडे. नळी नव्हती. थोडा वेळ तसेच वाकून राहिले, मग कमरेचं फडकं ओढून त्यांनी ते कोरडं बोट पुसलं. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

तुम्ही या वर्षी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये जायच्या आधी एक कागद फ्रिजवर चिकटवा. पाठकोरा चालेल. सात दिवस लिहा: किती खेपा, एका वेळी किती लांब, किती वेळ उभी, रात्री कुठे. तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवा आणि त्याच्याकडून त्यावर सहीनिशी लिहून घ्या की ही गाडी या वापरासाठी योग्य आहे. तो सही करत नसेल, तर उठून या. आणि तुमच्या गल्लीतला एखादा मिस्त्री कधी तुम्हाला 'माझं चुकलं' म्हणाला, तर पुढचं काम त्यालाच द्या.